मुलांच्या हाती मोबाइल देताना या चुका टाळा

आपल्याकडे बहुतेक घरांत मुलाचा पहिला मोबाइल हा मुलाचा नसतोच. तो आईचा किंवा वडिलांचा असतो. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ येतो, क्लासचा व्हिडिओही तिथेच येतो, आणि ‘अभ्यासाचं बघून लगेच देतो’ असे म्हणून घेतलेला फोन थेट रात्रीच्या जेवणाला परत मिळतो. मुलांच्या इंटरनेट सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण अनोळखी माणसे, वाईट संकेतस्थळे आणि गेमचे व्यसन यांविषयी बोलतो; मात्र घरोघरी होणारी पहिली चूक याहून कितीतरी साधी असते आणि ती बाकीच्या उपायांवर पाणी फिरवते.

मोठ्यांच्या खात्यावर लहान मूल

चौथीतल्या मुलाला यूट्यूबवर भलतेच व्हिडिओ दिसतात, अशी माझ्या बहिणीची तक्रार होती. फोन हातात घेऊन पाहिले, तर यूट्यूब तिच्याच गूगल खात्यावर चालू होते आणि त्या खात्यात जन्मवर्ष 1984 असे नोंदलेले होते. म्हणजे यूट्यूबच्या लेखी समोरचा प्रेक्षक चाळिशी गाठलेला होता. दुपारी तिने पाहिलेली गुन्हेगारी मालिकेची क्लिप आणि संध्याकाळी मुलाने पाहिलेले कार्टून एकाच इतिहासात जमा होत होते व पुढच्या शिफारशी त्या खिचडीतून निघत होत्या. समोर मूल बसले आहे, हे त्या खात्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

जुना फोन मुलाला वापरायला दिला असेल, तर त्यावरून आपले खाते काढून टाकावे आणि गूगलच्या फॅमिली लिंक या पालक-नियंत्रणाच्या सोयीतून मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचे खाते उघडावे. मग नवे अ‍ॅप घेण्यासाठी पालकांची परवानगी लागते, रोजची वेळ ठरवता येते आणि रात्री फोन आपोआप बंद ठेवता येतो. फोन एकच आणि सगळ्यांचा असेल, तर लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स घ्यावे. त्यात 4 वर्षांपर्यंत, 5 ते 8 आणि 9 ते 12 असे वयोगट आहेत. शिवाय पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोयही आहे. अँड्रॉइडमध्ये एकच अ‍ॅप पडद्यावर ‘पिन’ करता येते आणि आयफोनमध्ये त्यासाठी ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ आहे. दोन्हींत पासकोड लावून ठेवला की मुलाला त्या अ‍ॅपबाहेर पडता येत नाही. साध्या यूट्यूबमधील, मुलांना नकोत असे व्हिडिओ गाळणारा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ जरूर चालू करावा, पण त्यावर विसंबून राहू नये. भाषेनुसार त्या गाळणीचा दर्जा बदलतो, हे यूट्यूबही मान्य करते, आणि मुलाला ती बंद करायला दोन बोटे पुरतात.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे वय वाढवून सांगणे. इन्स्टाग्रामसाठी किमान 13 वर्षांची अट आहे. अकरा वर्षांची मुलगी हट्ट धरते आणि आपणच ‘टाक गं कोणतंही साल’ म्हणून मोकळे होतो. 2025 पासून भारतातही इन्स्टाग्रामवर 13 ते 17 वयाच्या मुलांना वेगळी खाती मिळतात: ती मुळातच खाजगी असतात, अनोळखी व्यक्तीचा संदेश थेट पोहोचत नाही आणि 16 वर्षांखालील मुलांना ही बंधने पालकांच्या संमतीशिवाय सैल करता येत नाहीत. जन्मवर्ष 1999 टाकलेल्या मुलीला यांतले काहीही लागू होत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. पण खोट्या सालाचे दार आपणच उघडून दिले, तर कायदा तरी कोणाला मूल म्हणणार?

पिन सगळ्यांना ठाऊक

कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला पाचवीतल्या मुलाला पाठवताना फोनही त्याच्याच हाती दिला जातो आणि यूपीआयचा पिनही तोंडी सांगितला जातो. काही दिवसांनी खात्यातून कधी 80, कधी 400 रुपये जाऊ लागतात आणि ते गेममधील हिऱ्यांवर, म्हणजे खेळातल्या आभासी नाण्यांवर, खर्च झाल्याचे महिनाअखेरीस कळते. पिन बदलावा, मुलाच्या बोटाचा ठसा फोनवर नोंदला असल्यास काढून टाकावा आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल अशी निवड करावी. प्ले स्टोअरमधून झालेल्या खरेदीचा परतावा शक्यतो 48 तासांच्या आत गूगलकडे मागावा. नंतर बहुधा गेम बनवणाऱ्यांच्या दारात जावे लागते. पैसे फसवणुकीने गेले असतील, कोणी ‘फुकट हिरे’ देतो म्हणून ओटीपी काढून घेतला असेल, तर मुलाची उलटतपासणी नंतर करावी आणि आधी 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता येणे हे पहिल्या काही तासांवर अवलंबून असते.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगायचे, तर जूनमध्ये शाळेच्या फाटकासमोर, गणवेशात, गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलाचा फोटो स्टेटसला ठेवणे म्हणजे त्याचे नाव, इयत्ता, शाळा आणि पुष्कळदा घरचा फोन क्रमांकही वाटणे होय. फोटो ठेवायचाच असेल, तर ओळखपत्र काढून घ्यावे.

सांगितले म्हणून शिक्षा

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. मूल धीर करून सांगते, ‘आई, गेममध्ये एक दादा घाणेरडं बोलतो.’ आपण घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे येते तेच येते: ‘तरी सांगत होते! आण तो मोबाइल इकडे.’ आपल्या दृष्टीने आपण संकट दूर केले. मुलाच्या हिशेबात मात्र सांगण्याची किंमत म्हणजे मोबाइल, असा भाव ठरून गेला. पुढच्या वेळी तो दादा ‘फोटो पाठव, नाहीतर तुझ्या घरी सांगेन’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या धमकीत बळ कुठून येते? ते आपल्याच त्या वाक्यातून येते. अशा लोकांचा सगळा व्यवहार मुलाला घरच्यांची वाटणाऱ्या भीतीवर चालतो.

म्हणून काही घडण्यापूर्वीच, शांत दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे की ‘तू चुकून काही पाठवलं असलंस तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही.’ आणि तो खरोखरच काढून घेऊ नये. येथे एकदा शब्द मोडला की पुन्हा विश्वास बसणे अवघड. मुलाच्या नकळत फोनवर पाळत ठेवणारे अ‍ॅप टाकणे हीदेखील याच घराण्यातील चूक आहे. नियंत्रण ठेवावे, पण ते आहे हे मुलाला ठाऊक असावे.

प्रकरण घडलेच असेल तर

फोटोवरून धमकी येत असेल, तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. खाते ब्लॉक करण्याआधी समोरच्याचे नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ, धमकीचे संदेश आणि त्याने पैशांसाठी दिलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. येथे एक मोठी चूक हमखास होते: पुरावा म्हणून मुलाचा तो फोटो मामाला, शेजारच्या वकिलांना किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला जातो. अल्पवयीन मुलाचे अश्लील चित्र प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे आणि हेतू चांगला असला तरी त्या फोटोच्या प्रती वाढवणारे आपणच ठरतो. फोटो आहे तिथेच राहू द्यावा आणि तो पोलिसांनाच दाखवावा.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर करता येते. महिला व मुलांवरील गुन्ह्यांसाठी तेथे नाव न देता कळवण्याचीही सोय आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 ही आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, 2012 नुसार मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही, त्यामुळे ‘नाव बाहेर येईल’ या धास्तीने तक्रार लांबवू नये. फोटो पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. तिच्यात फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो आपल्या मंचावरून हटवू शकतात.

आणि संतापाच्या भरात फोन ‘फॉरमॅट’ करून टाकू नये. त्यातले संदेश पोलिसांना लागतात. फोन चार्ज करून, तसाच, तक्रारीच्या पोचक्रमांकासह पोलिसांकडे न्यावा.