नाईट घेऊ की मॉर्निंग? दीर्घकालीन काळजी केंद्रात ड्युटी कशी निवडावी

"नाईट माग, रात्री सगळे झोपलेले असतात." दीर्घकालीन काळजी केंद्रात रुजू होणाऱ्या प्रत्येक नर्सला हे कोणीतरी सांगतंच, आणि सांगणाऱ्याने सलग चार नाईट बहुधा कधी केलेल्या नसतात. मी तिन्ही ड्युट्या केल्या आहेत, एकेक वर्षाहून जास्त. ड्युटीच्या आठ तासांत काम किती, यावरून निवड करू नका. ड्युटीनंतर झोप कधी आणि किती मिळणार, ते आधी बघा.

१. वेळापत्रक मागून घ्या. आठ तासांच्या तीन पाळ्या आहेत की बारा तासांच्या दोन? पाळी ठरलेली आहे की फिरती? फिरती असेल तर ती कुठल्या दिशेने फिरते हे विचाराच. सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकणारी पाळी त्यातल्या त्यात सोसते, कारण झोप लांबवणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जमत नाही. रात्री अकराला सोडून सकाळी सातला परत बोलावत असतील तर तिथे स्पष्ट नाही म्हणा.

२. प्रत्येक पाळीत काय असतं ते समजून घ्या. मॉर्निंग म्हणजे हातांचं काम: आंघोळी, ड्रेसिंग, औषधांचा मोठा राउंड, डॉक्टर, फिजिओथेरपी, नातेवाईक. दमवते, पण शंका आली तर विचारायला माणसं असतात. नवीन असाल तर डोळे मिटून हीच घ्या.

इव्हिनिंगबद्दल कोणी बोलत नाही. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या बऱ्याच जणांची बेचैनी दिवस कलला की वाढते. 'घरी जायचंय' म्हणत दाराशी उभ्या राहणाऱ्या आजींना वादात हरवता येत नाही. सोबत चार फेऱ्या माराव्या लागतात. नेमकं तेव्हाच ऑफिस बंद झालेलं असतं आणि हॉस्पिटलमधून सोडलेला नवीन पेशंट अर्धवट कागदांसह दारात येतो. संयम असेल आणि सकाळी लवकर उठणं जिवावर येत असेल, तर ही ड्युटी चांगली. मला स्वतःला हीच सगळ्यांत आवडली.

३. नाईट पेलते का, हे प्रामाणिकपणे तपासा. मी इथेच आपटले, म्हणून जरा सविस्तर.

आधी तो 'सगळे झोपलेले असतात'चा समज सोडा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस ठरल्या वेळी बदलावी लागते, नाहीतर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखमा, होतात. साधारण दर दोन तासांनी म्हणजे एकेका पेशंटमागे चार वेळा. बाथरूमला जायला कोणी एकटंच उठलं की पडण्याची भीती. आणि माणसं कमी असतात, त्यामुळे आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तर ते झोपेतलं बरळणं आहे की इन्फेक्शनमुळे आलेला गोंधळ, हे आधी तुम्हालाच ओळखायचं असतं. डॉक्टरला उठवायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवता. माझं मत: शंका आली की उठवा. चिडले तर चिडू देत.

दुसरा घोटाळा पहिल्या नाईटचा. मी सकाळी सातला उठायचे, दिवसभर घरकाम उरकायचे आणि रात्री अकराला ड्युटीवर हजर. हिशेब करून बघा: मध्यरात्रीच जागेपणाचे १७ तास होतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एवढा वेळ जागलेल्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. सकाळी सहाला शुगर तपासून इन्सुलिन भरताना माझे २३ तास झालेले असायचे. एकदा युनिटचा आकडा चुकीचा भरला, सहकारी सिस्टरने पुन्हा वाचला म्हणून टोचायच्या आधी सापडला. तेव्हापासून पहिल्या नाईटच्या दुपारी दीड-दोन तास झोपल्याशिवाय मी घराबाहेर पडले नाही, आणि पहाटे चार ते सहामध्ये भरलेला प्रत्येक डोस दुसऱ्याला दाखवला. त्या वेळी शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. इच्छाशक्तीचा तिथे उपयोग नाही.

पण खरा सापळा सुट्टीच्या दिवसांत आहे. 'ऑफला घरच्यांसारखं राहायचं' म्हणून मी रात्री दहाला झोपायचे, ऑफ संपला की परत उलटं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, आणि मी दर आठवड्याला त्याला दहाएक तास ढकलत होते. वर्षभर अंगात कसर असल्यासारखं वाटायचं. उपाय मधला निघाला: ड्युटीच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेतीन झोप, ऑफला पहाटे साडेतीन ते साडेअकरा. मधले तीन तास दोन्हीकडे तेच राहतात, तेवढ्यावर घड्याळ टिकतं. घरच्यांना हे मान्य नसेल, किंवा सकाळी मुलांचं सगळं तुमच्यावरच असेल, तर कायमची नाईट मागू नका. भत्त्यासाठी तर नाहीच.

कॉफी ड्युटीच्या पूर्वार्धातच. पाच-सहा तासांनंतरही तिचा निम्मा अंमल उरतो. खोलीत काळे पडदे, फोन बंद. डोळे मिटत असतील तर गाडी चालवू नका. केंद्रातच वीस मिनिटं पडा किंवा कोणाला तरी न्यायला बोलवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. घाबरून नोकरी सोडावी असं त्यात काही नाही, पण नाईट कायमची मागण्याआधी हे माहीत असावं.

४. सहा आठवडे करून बघा. दोन आठवड्यांत काही कळत नाही, पहिले दिवस उत्साहातच जातात. रोज झोपेचे तास लिहा. सहाव्या आठवड्यातही सहा तासांच्या वर जात नसाल, किंवा औषधाच्या तक्त्यावरची तीच ओळ तीनदा वाचावी लागत असेल, तर पाळी बदलून मागा.

५. मागताना लेखी मागा. कुठली पाळी, कधीपासून, आणि न जमल्यास परत कधी बदलून मिळेल हे तिन्ही अर्जात असू द्या. 'बघू' हे उत्तर घेऊन उठू नका, तारीख घ्या. आणि झोपेची ती वही सोबत न्या. माझी बदली तक्रारींनी नाही, त्या वहीने झाली.