वाड्यावरच्या व्हाळाला पोत्यांचा बांध घालायचाय? मग असं करा

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीपण एप्रिल लागला की आमच्या सत्तरी तालुक्यात कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघत बायका कळशा मांडून उभ्या असतात, हे मला लहानपणापासून खुपतं. बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, डोंगर उताराचे आहेत, जांभा पाणी पितो पण धरून ठेवत नाही, आणि दिवाळी झाली की व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जे काय उरलंय ते दिवसरात्र खाली नदीला जात असतं. ती शेवटची धार अडवायची, बस्स. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून बांध घालायचा, महाराष्ट्रात याला वनराई बंधारा म्हणतात. आम्ही चार वर्षं घालतोय, त्यातलं एक वर्ष पूर्ण वाया गेलं, तेही सांगते.

सुरुवात मीटिंगने करू नका. आधी व्हाळ चाला, वरून खालपर्यंत, आणि सोबत दोन माणसं हवीतच, एक कुळागरात (माड-पोफळीच्या बागायतीत) आयुष्य घालवलेला कोणीतरी म्हातारा आणि एक व्हाळावर कपडे धुवायला जाणारी बाई. कुठल्या कोंडीत, म्हणजे डोहात, मार्चपर्यंत पाणी राहतं, कुठे खाली कातळ आहे, कुठे नुसता गाळ, हे त्यांना न मोजता माहीत असतं. आमच्याकडे अशा चालण्यातच जुन्या बांधाचे दगड सापडले, दोन्ही काठांना, शेवाळ धरलेले. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी हेच केलेलं! ते दगड बघितल्यावर "होईल का गे हे?" असं विचारणारे गप्प झाले.

आणि ही काय नवीन गोष्ट नाहीच आपल्याकडे. पोर्तुगीजांनी 1526 मध्ये फोरल (गावांच्या हक्क-रिवाजांची सनद) लिहिला त्यात गावकरीची, म्हणजे गावाने मिळून कारभार बघण्याची, जुनीच रीत कागदावर आली, जमीन गावाची, तिच्या उत्पन्नातून आधी बांध, तळी, देवळं सांभाळायची आणि उरलं तर झोण, म्हणजे गावकारांचा वाटा, वाटायचं. आधी बांध, मग वाटणी, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

जागा अशी बघा की व्हाळ अरुंद आहे, काठ उंच आणि घट्ट आहेत, तळाला कातळ किंवा कडक जमीन आहे, आणि वरच्या बाजूला उतार कमी आहे म्हणजे थोड्या उंचीत पाणी लांबवर साठतं. वळणावर नको, तिथे पाणी काठ खातं. साठलेलं पाणी कोणाच्या वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीत) किंवा वाटेवर तर शिरणार नाही ना, हेही बघून घ्या. खाऱ्या पाण्याची भरती जिथपर्यंत येते तिथे हा बांध घालू नका, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, मानशीचं (पाण्याच्या दाराचं) वेगळं शास्त्र असतं.

मग विचारायचं. जागा भाटकाराची (जमीनमालकाची) असेल तर त्याला, कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावकरीच्या संस्थेची असेल तर तिच्या कमिटीला, आणि पंचायतीला व जलस्रोत खात्याला एक साधं पत्र. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत किंवा वनखात्याच्या जमिनीत असाल तर परवानगीशिवाय एक फावडंसुद्धा मारू नका. पत्राची पोच घेऊन ठेवा.

पोती घर बांधणाऱ्यांकडे फुकट मिळतात. पंधरा फूट रुंद व्हाळाला तीन फूट उंचीचा बांध घालायला आम्हाला दीडशेच्या आसपास लागली, वर पन्नास जास्तीची ठेवा कारण बरीच फाटकी निघतात. बाकी फावडी, पिकाव, घमेली, कोयते, सुतळी, दाभण घराघरातून येतात. पहिल्या वर्षी आम्ही सुतळी आणि चहा-साखर सोडली तर काहीच विकत घेतलं नाही. माणसं पंचवीस-तीस, एक रविवार, सकाळी सात ते जेवणापर्यंत. कामाच्या मध्ये उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, आणि ते रांधण्याचं काम फक्त बायकांवर टाकू नका, आमच्याकडे दुसऱ्या वर्षापासून पुरुष पेज करतात आणि बायका बांधावर असतात कारण पोती रचण्यात त्यांचा हात जास्त बसलेला आहे.

आता मुख्य काम. तळ साफ करा, म्हणजे पानं, गाळ, सुटे दगड सगळं काढून कडक लागेपर्यंत खाली जायचं, आणि दोन्ही काठांत फूटभर खाच मारायची. आमचं पहिलं वर्ष इथेच गेलं. घाईत कुजलेल्या पानांच्या थरावर पोती रचली, वरून बांध अगदी देखणा, आणि तिसऱ्या दिवशी खालून पाणी सुटलं, आठवड्यात सगळी कोंड रिकामी. आमच्या वाड्यावरचे एक काका सकाळपासून सांगत होते, "पहिली पानं काढा, पानं", कोणी ऐकलं नाही.

पोतं पाऊणच भरा. गच्च भरलं की ते गोल होतं आणि दोन पोत्यांत फट राहते, पाऊण भरलेलं दाबलं की चपटं बसतं. तोंड शिवून घ्या. तळाला बांध पाच फूट रुंद, वर येता येता दीड फूट, आणि रचताना गवंडी चिरे लावतो तशी सांधमोड करायची, खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं. मध्ये पोकळी ठेवून तिच्यात चिकण माती पायाने तुडवून भरा, पाणी खरं तीच अडवते. माती शेताच्या कडेची घ्या. रोयण (वारूळ) फोडून माती आणायचं कोणी सुचवलं तर थांबवा, ती आपली सातेरी देवी आहे, आणि शेताची माती पुरते.

मधोमध एक पोतं कमी लावून जादा पाण्याला वाट ठेवा आणि ते जिथे पडेल तिथे मोठे दगड पसरा, नाहीतर पडणारं पाणी बांधाचा पाया उकरतं. तीन फुटांच्या वर जाण्याचा मोह नको. जास्त पाणी हवं तर थोडं वर जाऊन दुसरा घाला.

बांध झाला की खरी परीक्षा सुरू होते, पाणी कोणाचं? हे बांध घालायच्या आधीच ठरवा, सगळ्यांसमोर, आणि वहीत लिहून सह्या घ्या. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी एकाने रात्री थेट कोंडीत पंप टाकला आणि दोन घरांचं बोलणं सहा महिने बंद झालं, ते अजून पूर्ण जुळलेलं नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं. आता नियम असा, कोंडीत पंप नाही, गुरांना आणि धुण्याला मोकळं, कुळागरांना पाटाने पाळी, आणि पाळी बांधावर राबलेल्या दिवसांवर नाही तर झाडांच्या गरजेवर. विधवा बाई किंवा आजारी घर कामाला येऊ शकत नाही म्हणून त्यांची पाळी कापायची नाही, यावर आम्ही दोन तास भांडलो आणि ते भांडण व्हायला हवंच होतं.

जवळच्या विहिरीत खुणा केलेली दोरी सोडून दर रविवारी पाण्याची पातळी लिहा, बांध घालायच्या महिनाभर आधीपासून. शाळेतली मुलं हे काम मनापासून करतात. आकडे हातात असले की पुढच्या वर्षी कोणाला पटवत बसावं लागत नाही, पंचायतीत बोलायलाही जोर येतो. शक्य असेल तर गेल्या वर्षी टँकर कितीदा आला तेही लिहून ठेवा.

मधूनमधून गळती बघायला लागते. खेकडे भोकं पाडतात, गुरं चढून पोती सरकवतात. दोन-दोन घरांना एकेक आठवडा वाटून द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा, एवढं पुरतं.

आणि मे संपायच्या आत बांध काढायचा. हे विसरायचं नाही. जूनचा पहिला लोंढा पोती फाडून नेतो आणि ते सगळं प्लॅस्टिक नदीत जातं. आम्ही मेच्या शेवटच्या रविवारी वरून एकेक पोतं उतरवतो, माती काठावर ओततो, धड पोती धुऊन वाळवून देवळाच्या मागच्या खोलीत मोजून ठेवतो. यंदा एकशे बारा परत वापरता येतील अशी निघाली, आकडा वहीत आहे, म्हणजे दिवाळीनंतर नव्वदेक नवी शोधायची आहेत.