मे महिन्यात टायमिंग घसरलं? धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

जानेवारीत 5 किलोमीटर 22 मिनिटांत काढणारा पोरगा मे महिन्यात 25 वर येतो आणि हादरतो. आमच्या गावच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणाऱ्यांत दरवर्षी असा एक तरी असतोच. स्टॅमिना गेला असं समजून तो दुसऱ्या दिवसापासून एक राउंड वाढवतो. सगळ्यात घातक चूक हीच.

दम कुठेही गेलेला नसतो. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होतो. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. मॅरेथॉनसाठी 10-12 अंशांची हवा उत्तम मानतात. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला 45 च्या पार जातात. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उन्हाच्या धास्तीनं उत्तरेला साप्पोरोत नेली, तरी 2021 मध्ये महिलांची शर्यत ऐनवेळी 7 ऐवजी सकाळी 6 ला सोडावी लागली. म्हणून उन्हाळ्यात घड्याळ खिशात ठेवा. सोबत्याशी दोन वाक्यं बोलता येतील एवढ्याच वेगानं धावा, टायमिंग थंडीत तपासा.

संध्याकाळी 5 ला ऊन उतरल्यासारखं वाटतं, पण डांबरी रस्त्यावर तळहात टेकवून पाहा, ठेववत नाही. पहाटेच निघा. मात्र उन्हाला पूर्ण टाळूनही चालत नाही. 2024 ची पोलीस भरतीची मैदानी चाचणी जूनमध्येच सुरू झाली होती. अंगाला सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. रोज थोडं थोडं वाढवा. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचं थांबत नाही.

पावसाळ्यात पारा 28 वर आला की पोरं सुसाट सुटतात. पण घाम सुकला तरच अंग थंड होतं, आणि दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता गळतो. पांदणीची काळी माती बुटाला चिकटते, तेव्हा पक्का रस्ता धरा.

धावून आल्यावर लोटाभर साधं पाणी एका दमात ढोसू नका. घामासोबत मीठही जातं. लिंबू, साखर, मीठ घालून घोट घोट प्या.

एका मे महिन्यात आमच्यातला एक जण शेवटच्या राउंडला तिरपा धावायला लागला. नाव विचारलं तर भलतंच बोलला. कुणी म्हणालं, गाडीवर टाका, दवाखान्यात न्या. इथेच लोक चुकतात. ऊन डोक्यात गेलेल्या माणसाला आधी थंड करायचं, मग हलवायचं. 108 ला फोन लावला, त्याला निंबाखाली निजवलं, शेजारच्या वावरातली मोटार सुरू करून पाइप थेट अंगावर धरला, ओल्या दुपट्ट्यानं वारा घातला. शुद्ध नीट नव्हती म्हणून तोंडात पाण्याचा थेंबही घातला नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो स्वतःचं नाव सांगत होता.