एचडी चॅनेल वाढले: तपासणी टीव्हीपासून सुरू करा, गच्चीपासून नव्हे

डीटीएच कंपनीने एचडी चॅनेल वाढवल्याचा मेसेज येतो, आणि दोन दिवसांनी तक्रार सुरू होते: चॅनेल दिसत नाही, दिसलं तर चित्र पूर्वीसारखंच धूसर, नाहीतर पाऊस आला की नेमकं तेच जातं. अशा वेळी लोक आधी गच्चीवर जाऊन डिश हलवतात. नीट लागलेली डिश विनाकारण ढळते आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून उलट्या क्रमाने जा: आधी टीव्ही, मग बॉक्स, मग पॅक, मग केबल आणि सगळ्यात शेवटी डिश. बऱ्याच घरांत गच्चीवर जायची वेळच येत नाही.

टीव्ही आणि बॉक्स

साध्या एसडी चित्रात ५७६ ओळी असतात, एचडीत १०८०. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली एव्ही वायर असेल तर तिच्यातून ५७६ च्या वर काही जात नाही, मग एचडीचे पैसे भरा किंवा नका भरू. एचडीएमआय वायर हवी. १०८० साठी साधी, दीड मीटरची वायर पुरते. महागडी घ्यायची गरज नाही. बॉक्सला एचडीएमआयचं भोकच नसेल तर तो एसडी बॉक्स आहे आणि तो बदलावाच लागेल. कोणत्याही रिफ्रेशने तो एचडी दाखवणार नाही.

वायर लावल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय आणि आकार १६:९ करा. नवा बॉक्स बऱ्याचदा ५७६ वरच ठेवलेला असतो. टीव्हीच्या बाजूनेही एक गोष्ट बघा: पिक्चर साइज 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाच्या पर्यायावर ठेवा, नाहीतर टीव्ही चित्र थोडं ताणून कडा कापतो आणि बातम्यांची खालची पट्टी अर्धी दिसते.

चित्र आलं पण आवाज नाही, ही एचडी चॅनेलची खास तक्रार. बॉक्स डॉल्बीत आवाज पाठवतोय आणि टीव्हीला ते उलगडता येत नाही, बहुधा एवढंच कारण असतं. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्टिरिओ किंवा पीसीएम निवडा.

टीव्ही २४ इंची असेल आणि तुम्ही दहा फुटांवर बसत असाल तर एसडी आणि एचडीतला फरक डोळ्यांना कळणार नाही. तिथे एचडी पॅकवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ४३ इंची टीव्ही आणि सात-आठ फुटांचं अंतर असेल तर मात्र फरक लगेच दिसतो, क्रिकेटमध्ये तर चेंडूची शिवण दिसण्याइतका.

पॅक

एचडी चॅनेलचा नंबर एसडीपेक्षा वेगळा असतो. स्टार प्रवाह एचडी, झी मराठी एचडी, कलर्स मराठी एचडी हे सगळे त्यांच्या एसडी भावंडांपासून वेगळे चॅनेल आहेत. पॅक घेऊनही लोक सवयीने जुनाच नंबर दाबतात आणि 'एचडीत काही फरक नाही' म्हणतात. नवे नंबर फेव्हरिटमध्ये टाका आणि आजी-आजोबांना ते बटण दाखवून ठेवा.

दुसरी चूक खिशाला लागते: एकाच चॅनेलचं एसडी आणि एचडी दोन्ही चालू असणं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार कंपनीला एकाच बुकेत, म्हणजे चॅनेलच्या तयार गठ्ठ्यात, एका चॅनेलचे दोन्ही प्रकार घालता येत नाहीत, पण एक बुके एसडीचा आणि वर सुटं एचडी चॅनेल असं तुम्ही स्वतः घेतलं की दोन्हींचे पैसे लागतात. अ‍ॅपमध्ये जाऊन चालू चॅनेलची यादी काढा आणि जोड्या शोधून एसडी काढून टाका. प्रत्येक चॅनेलची एमआरपी टीव्हीवरच्या गाइडमध्ये दिसते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरा. नेटवर्क शुल्क, म्हणजे दर महिन्याचं मूळ शुल्क, मोजताना एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलइतकं धरलं जातं, म्हणजे २० एचडी घेतले तर ४० मोजले जातील. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्काची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे जुना १३० रुपयांचा आकडा गृहीत धरू नका. पॅक बदलण्याआधी नवं बिल किती येईल ते अ‍ॅपमध्येच बघून घ्या.

पैसे भरले, तरी पडद्यावर 'सबस्क्राइब नाही' असा मेसेज आला तर त्याचा डिशशी काही संबंध नाही. बॉक्स चालू ठेवून तोच एचडी चॅनेल लावा आणि रजिस्टर्ड मोबाइल नंबरवरून किंवा अ‍ॅपमधून हेवी रिफ्रेश मारा, म्हणजे चॅनेल उघडायचा आदेश बॉक्सला पुन्हा पाठवला जातो. अर्धा तास बॉक्स बंद करू नका, चॅनेल बदलू नका. हा आदेश उपग्रहावरूनच येतो. बॉक्स बंद असेल तर तो निसटतो. नागपूरच्या जामठा स्टेडियमवर मॅच असेल त्या दिवशी टॉसच्या वेळी रिफ्रेश मारत बसू नका, आदल्या दिवशीच मारून ठेवा.

'नो सिग्नल' हा मेसेज मात्र वेगळा. तो आला तरच पुढे वाचा.

चॅनेल वाढले की नेमकं काय बदलतं

उपग्रहावर जागा मोजकीच असते. एका एचडी चॅनेलला साधारण तीन-चार एसडी चॅनेलइतकी जागा लागते. म्हणून कंपनी नवे एचडी आणते तेव्हा जुने चॅनेल एका ट्रान्सपॉन्डरवरून (उपग्रहावरच्या प्रक्षेपकावरून) दुसऱ्यावर हलवते. बॉक्स ही नवी यादी बहुधा रात्री स्टँडबायमध्ये असताना घेतो. आपल्याकडे मे महिन्यात वादळाच्या भीतीने ज्या घरांत रोज रात्री बॉक्सचा मेन स्विचच बंद करतात, त्या घरांत यादी जुनीच राहते. एकदा सेटिंगमधून सॉफ्टवेअर अपडेट आणि चॅनेल स्कॅन हाताने करा.

एवढं करून काही चॅनेल उत्तम आणि काही अजिबात नाहीत, असं होत असेल तर संशय केबलवर घ्या. डिशच्या टोकाला असलेल्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज बॉक्समधूनच जाते: उभ्या पोलरायझेशनसाठी (सिग्नलच्या लहरी उभ्या असतील तेव्हा) १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. केबल लांब आणि हलकी असली की १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत उतरतात, एलएनबी आडव्याकडे वळतच नाही आणि त्या बाजूचे सगळे चॅनेल गायब होतात. नवे एचडी नेमके तिकडे गेले असतील तर वाटतं, कंपनीने फसवलं.

केबल आणि कनेक्टर

केबल आरजी-६ हवी, ७५ ओहमची, आणि मधली तार शक्यतो सबंध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार स्वस्त पडते, पण तिचा विद्युतरोध जास्त. दहा-पंधरा मीटरपर्यंत ती चालते, त्यापुढे त्रास देते. ओळखायची खूण सोपी: तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर पोलाद. लोहचुंबकानेही कळतं. सीताबर्डीच्या बाजारात केबल घेताना तुकडा कापून बघायला संकोच करू नका. गच्चीपासून हॉलपर्यंत ३० मीटरच्या आत भागवा आणि मध्ये जोड ठेवू नका.

काम सुरू करण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. चालू बॉक्सवर कनेक्टर फिरवताना १८ व्होल्ट शॉर्ट होऊन बॉक्सचा पुरवठा जळू शकतो. आता डिशकडचा एफ-कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची फिरवून बसवायची पिन, उघडून नीट बघा. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलेली हवी. कमी असेल तर संपर्क होत नाही, जास्त असेल तर एलएनबीच्या आतली पकड वाकते. तार लख्ख तांबूस दिसली पाहिजे. काळी किंवा हिरवट असेल तर पाणी आत शिरलंय. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो, म्हणून सोलल्यावर बोटाने जाळी पूर्ण मागे वळवा आणि उजेडात धरून तपासा. काळी पडलेली केबल टोकाला नुसती कापून भागत नाही, कारण पाणी जाळीतून कितीतरी आत उतरलेलं असतं. एक-दीड फूट कापा; तरीही काळी निघाली तर केबलच बदला.

नागपूरचं ४५ अंशांचं ऊन हलक्या केबलचं आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत तडकवतं आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून आत जातो. म्हणून 'पाऊस लागला आणि टीव्ही गेला' या तक्रारीचं मूळ मे महिन्यात असतं. कनेक्टरवर स्वतःवरच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून काळी टेप. केबल खिडकीतून आत घेताना बाहेर खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. कूलर लावलेल्या खिडकीतून केबल आत आणणं टाळाच. चार महिने ती ओलीच राहते.

दोन टीव्हींसाठी बाजारातला केबल टीव्हीचा स्प्लिटर लावू नका. तो १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो, डिशचा सिग्नल २१५० पर्यंत जातो. दुसऱ्या बॉक्सला दोन तोंडांचा एलएनबी आणि वेगळी केबल, हेच खात्रीचं.

डिश

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच गच्चीवर जा, तेही आकाश स्वच्छ असताना. पावसात लावलेली डिश कधीच नेमकी लागत नाही. १० आणि १३ नंबरचा पाना, लेव्हल ट्यूब आणि खाली टीव्हीसमोर फोन घेऊन बसलेला एक माणूस, एवढं पुरे.

आधी पाइप ओळंब्यात आहे का ते बघा. पाइप तिरका असेल तर पुढचे सगळे आकडे चुकतात. साडेचार इंची विटांच्या कठड्यावर डिश ठोकलेली असेल तर वादळात ती हलणारच. अँकर बोल्ट स्लॅबमध्ये किंवा काँक्रीटच्या बीममध्ये घ्या.

नागपूरहून दिशा अशा येतात. '८३ पूर्व' वगैरे ही उपग्रहाची रेखांशावरची जागा; त्यापुढचा पहिला आकडा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, दुसरा क्षितिजापासून उंची, दोन्ही अंशांत:
टाटा प्ले, उपग्रह ८३ पूर्व: १६९ आणि ६५
डी२एच, ८८ पूर्व: १५६ आणि ६३
सन डायरेक्ट आणि डीडी फ्री डिश, ९३.५ पूर्व: १४५ आणि ६०
डिश टीव्ही, ९५ पूर्व: १४२ आणि ५९
एअरटेल, १०८.२ पूर्व: १२३ आणि ४९

मोबाइलचा होकायंत्र चालतो, पण पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून पाच-सहा फूट लांब उभे राहा. बदली होऊन पुण्या-मुंबईहून डिश आणली असेल तर तिकडचे खुणावलेले आकडे इथे उपयोगाचे नाहीत. शेजारच्या गच्चीवर त्याच कंपनीची चालू डिश असेल तर तिच्यासारखा उत्तम नमुना दुसरा नाही.

आपली डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. ६५ अंशांवर बघणारी डिश डोळ्यांना ४० अंशांवरच कललेली वाटते, म्हणून 'खालीच बघतेय' असं समजून वर उचलू नका. ब्रॅकेटवरच्या आकड्यांनी चला. समोर अडथळा आहे का याचा हिशेब असा: डिशपेक्षा दहा फूट वर जाणारी भिंत ८३ पूर्वसाठी किमान पाच फूट दूर हवी, १०८.२ साठी किमान नऊ फूट. मागच्या वर्षी ठीक असलेली डिश या वर्षी कडुनिंबाच्या नव्या फांदीमुळेही बंद पडते. पावसाळ्यात पानं भरली की बघा.

बॉक्सच्या सिग्नल पानावर दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थची पट्टी फसवी; डिश भलतीकडे असली तरी ती बरीच भरलेली दिसू शकते. क्वालिटीवर नजर ठेवा. ६० सेंटिमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा एका अंशाने बदलते, त्यामुळे कडेला बोटाने हलकं ढकला, तीन सेकंद थांबा, खालचा आकडा ऐका, मग पुढे. आधी डावी-उजवी, मग वर-खाली, शेवटी एलएनबी आपल्या जागी थोडा पिळून. उपग्रह जितका पूर्वेला तितका पीळ जास्त लागतो. नट एकदम आवळू नका. आवळतानाच डिश सरकते. आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा आणि शेवटी आकडा पुन्हा विचारा. एका कंपनीचे टक्के दुसऱ्या कंपनीच्या टक्क्यांशी ताडू नका, मोजमाप वेगळं असतं.

स्वच्छ आकाशात मिळणारा शेवटचा पाच-दहा टक्के आकडा चित्र सुधारत नाही, पण पावसासाठी तीच शिल्लक असते. एवढं करूनही रिमझिम पावसात चित्र जात असेल तर ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश लावा. सिग्नल सुमारे साडेतीन डेसिबलने वाढतो. धो धो पावसात दहा-पंधरा मिनिटं जाणं मात्र कुठल्याही घरगुती डिशने थांबत नाही. विजा चमकत असतील तर बॉक्सचा प्लग आणि मागची केबल दोन्ही काढून ठेवा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी दहापासून दुपारी बाराच्या सुमारापर्यंत, भर उन्हात काही मिनिटं सगळेच चॅनेल जातात. सूर्य तेव्हा नेमका उपग्रहाच्या मागे येतो. एअरटेलच्या डिशवर हे दहाच्या सुमारास होतं, टाटा प्लेच्या डिशवर बाराच्या सुमारास. त्या दिवसांत डिशला हात लावू नका, पंधरा मिनिटं थांबा.