विहिगावचा धबधबा: कसारा लोकलने जाऊन त्याच दिवशी परत

विहिगावचा धबधबा शहापूर तालुक्यात, कसारा स्टेशनपासून खोडाळ्याच्या रस्त्याने बारा-तेरा किलोमीटरवर आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जावं. त्यातही सप्टेंबर उत्तम: गढूळपणा ओसरलेला असतो आणि वाटेत भातशेती हिरवीगार असते.

आदल्या रात्री दोन गोष्टी बघा. ठाणे जिल्ह्याला हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा. ऑरेंज म्हणजे 24 तासांत 115 मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता. दुसरं, धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाची बंदी आहे का ते पाहा. पावसाळ्यात ती बरेचदा लागते. रविवारी मेगाब्लॉकही असतो, म्हणून शक्यतो मधला वार निवडा.

सीएसएमटीहून सकाळी सहाच्या सुमाराची कसारा लोकल धरा. अडीच तास लागतात. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला बदलावं. कसाऱ्याच्या गाड्या मोजक्याच असतात, एक चुकली की सकाळ गेलीच. स्टेशनबाहेर जीप मिळतात. भाडं जाऊन-येऊन ठरवा, अर्धे पैसे परतल्यावर द्या आणि चालकाचा नंबर तिथेच घ्या. पुढे रेंजचा भरवसा नाही, म्हणून परत निघायची वेळ आधीच पक्की करून ठेवा. दुपारी दोन ही चांगली वेळ. सुटे पैसे जवळ असू द्या.

पायात पट्ट्याचे, रबरी तळाचे सँडल किंवा जुने बूट हवेत. शेवाळलेल्या कातळावर चप्पल हमखास निसटते. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. कोरडे कपडे आणि फोन वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवा. पोळी-भाजी घरूनच न्या.

आता मुख्य गोष्ट, पाणी. पट्टीचा पोहणारा असलात तरी धारेखालच्या डोहात उतरू नका. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते शरीराला पुरेसं उचलून धरत नाही आणि पडणारी धार खाली दाबते. वरून दगडही येतात. भिजायचं असेल तर बाजूच्या उथळ पाण्यात, हात धरायला कोणी असताना भिजा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी अचानक तांबूस झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज जड झाला, की सामान तिथेच टाकून उंच जागी या. लोंढा यायला मिनिटं पुरतात. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब असंच वाहून गेलं. पाण्याच्या मधोमध असलेल्या खडकावर फोटोसाठी कधीही उभं राहू नका. दोन्ही बाजूंनी पाणी चढलं की परतीची वाटच उरत नाही.

मुलांचे ओले कपडे लगेच बदला, लोकलच्या वाऱ्यात थंडी भरते. परतीची गाडी कसाऱ्याहूनच सुटते, त्यामुळे पंधरा मिनिटं आधी पोचलात तर बसायला जागा मिळते.