साखर मोजायची टाळाटाळ कशी मोडावी

पथ्याची यादी कोल्हापुरात बहुतेक मधुमेही घरांना पाठ असते. अडतं ते निर्णयाच्या क्षणी. मिसळ आत्ता समोर असते, डोळ्यांचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान कित्येक वर्षांनी दिसणार असतं. अशा वेळी मन जवळच्याच बाजूने कौल देतं, म्हणून निर्णय ताट समोर येण्याआधीच घेऊन टाकावा.

पहिलं काम सोपं आहे. आठवड्याचा मिसळीचा दिवस ठरवा आणि ऑर्डर देतानाच सांगा, "ब्रेडचे दोनच स्लाइस आणा." टेबलावर आलेला ब्रेड उरत नाही. गुळाबद्दलही तेव्हाच ठरवून टाका. सेंद्रिय असो वा थेट गुऱ्हाळातला, गुळात मुख्यतः साखरच असते आणि रक्तात ती साखरेसारखीच चढते. "नैसर्गिक आहे, चालतो" हा सल्ला ऐकूच नका.

आता खरं अवघड काम, मोजणी. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण आपण साखर मोजतो ती आपल्याला बरं वाटेल अशा दिवशी. भाकरी-भाजी खाल्लेल्या सकाळी बोट टोचलं जातं. तांबडा-पांढरा आणि दोन वाट्या भात झाल्यावर मशीन कपाटातच राहतं. मग वही सुंदर दिसते, डॉक्टर तेच डोस चालू ठेवतात आणि एचबीए१सी ही तिमाही रक्ततपासणी वेगळंच काही सांगते. तपासणीआधी चार दिवस भात बंद करूनही उपयोग नाही. त्याने उपाशीपोटीचा आकडा हलेल, पण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडतं.

म्हणून मोजायचे दिवस कॅलेंडरवर आधी लिहा, मनावर सोडू नका. सोमवार, गुरुवार, रविवार. रविवार वगळायचा नाहीच, कारण वहीत नेमका तोच दिवस नसतो. त्या दिवशी एकाच जेवणाची जोडी मोजा: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसऱ्यांदा. दोन तास जेवण संपल्यापासून मोजू नका, ही चूक फार होते. या आठवड्यात नाश्ता, पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण. आठवड्याला मशीनच्या सहा पट्ट्या लागतात. पट्ट्या महाग म्हणून कधीतरी, कशीही एकच मोजणी करणं हा खरा अपव्यय, कारण एकट्या आकड्यावरून कोणत्या जेवणाने साखर चढवली ते कळत नाही. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत (मिग्रॅ/डेसिलिटर) असं धरतात. तुमची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आकडा जसा आला तसा लिहा. २३६ चे "दोनशेच्या आसपास" करू नका. पटलं नाही तर साबणाने हात धुऊन, पुसून, बोटाच्या कडेला टोचून पुन्हा एकदाच मोजा. बोटाला फळाचा रस किंवा गूळ लागलेला असेल तर आकडा खोटाच वाढतो. दोन्ही आकडे लिहा. मनासारखा येईपर्यंत टोचत बसू नका.

घरच्यांनाही एक नियम हवा: आकडा ऐकल्यावर "परत खाल्लंस ना?" म्हणायचं नाही. ओरडा बसला की माणूस पुढच्या वेळी मोजत नाही, किंवा मोजून सांगत नाही. आकड्याशेजारी फक्त काय खाल्लं ते लिहावं.

साखर नॉर्मल आली म्हणून गोळ्या बंद करू नका; ती बहुधा गोळ्यांमुळेच नॉर्मल आलेली असते.

"अमक्याला इन्सुलिन लागलं आणि मग पाय कापावा लागला" ही गोष्ट प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळते. क्रम खरा, कारण उलटं. वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने नसा आणि रक्तवाहिन्या आधीच बिघडलेल्या असतात आणि इन्सुलिन तोवर पुढे ढकललेलं असतं. डॉक्टरांनी सुचवलं की "अजून तीन महिने बघू" म्हणण्याआधी विचारा: या तीन महिन्यांत नेमकं काय बदलणार आहे?

घाम, थरथर, एकदम भूक अशी लक्षणं असतील तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन हाताशी नसेल तर साखर आधी घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

पाय रोज रात्री बघा, तळवा आरशात. "दुखत नाही म्हणजे ठीक आहे" यावर विसंबू नका. बधिर पायाला दुखणं कळतच नाही. अंबाबाईच्या दर्शनाला उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, तापलेल्या फरशीवर फोड येतो आणि जाणवत नाही. संवेदना कमी झालेली असेल तर नवी करकरीत कोल्हापुरी चप्पल घालू नका. तिच्या कडक पट्ट्याने साल निघतं. फोड किंवा जखम दिसली तर हळद भरून दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.