लेझर लढाईच्या रिमोट गाड्या बनवताना या चुका टाळा

या गाड्या एकमेकींवर न दिसणाऱ्या प्रकाशाच्या 'गोळ्या' झाडतात; गोळी लागली की गाडीचा एक जीव जातो आणि त्याचा दिवा विझतो. मे महिन्यात सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर दोन गाड्यांची पहिली लढाई लावली आणि पाच मिनिटांत पोरांचं भांडण पेटलं. एका गाडीचे तीनपैकी दोन जीव गेले होते. ती कठड्याजवळ झटकन मागे फिरली आणि तिचे तिन्ही दिवे परत लागले. "काका, हा चीटिंग करतोय!" पण पोरगा बिचारा काहीच करत नव्हता, दोष बॅटरीचा होता.

मोटर एकदम उलटी फिरवली की ती खूप करंट ओढते. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला तेवढा देता येत नाही. व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो (गाडी चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो आणि जिवांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून मोटरला ही बॅटरी लावूच नका. 18650 आकाराचे दोन चांगले लिथियम सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) घ्या, म्हणजे 7.4 व्होल्ट मिळतात. मोटर चालवणारा L298N ड्रायव्हर बोर्ड त्यातले दीडदोन व्होल्ट स्वतःच खातो, हे धरून चला. आर्डुइनोच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये (ग्राउंड म्हणजे निगेटिव्ह बाजू) 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. आणि सगळ्यांचे ग्राउंड एकत्र जोडलेत ना, ते मल्टीमीटरने बघा.

गोळी न लागताच जीव जात असेल, तर मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांवर संशय घ्या. मोटरच्या दोन टोकांवर 104 नंबरचा (0.1 मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर थेट डाग देऊन बसवा. वायरी पिळून गोळी ओळखणाऱ्या सेन्सरपासून लांब न्या.

खेळाच्या नावात लेझर असला तरी खरा लेझर लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. बाजारात मिळणारं लाल मॉड्यूल बऱ्याचदा 5 मिलिवॅटचं असतं, आणि गाडी नीट दिसावी म्हणून पोरं फरशीवर पोटावर झोपतात. त्यांचे डोळे नेमके गाडीवरच्या बंदुकीच्या उंचीवर येतात. गोळीसाठी इन्फ्रारेड एलईडी आणि 38 किलोहर्ट्झचा TSOP1738 सेन्सर पुरतो.

हा सेन्सर लावताना पाय तपासा. TSOP1738 चा पहिला पाय ग्राउंडचा, TSOP38238 चा पहिला आउटपुटचा. दिसायला दोन्ही बरेचसे सारखे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवला की सप्लाय उलटा जातो आणि सेन्सर जळू शकतो.

आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात सेन्सर जवळजवळ आंधळा होतो, तेव्हा लढाई ऊन उतरल्यावरच लावा. चुन्याच्या भिंतीवरून गोळी परतत असेल, तर एलईडीवर आतून काळी केलेली नळी चढवा. गोळी सुटतेय की नाही, ते मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा. बऱ्याच फोनमध्ये एलईडी जांभळट चमकताना दिसतो.

एका चुकीने मात्र माझे दोन दिवस खाल्ले. गोळी झाडली की डावं चाक बंद पडायचं, म्हणून मी मोटर बदलली, गिअर बदलला, वायरी बदलल्या. गोम कोडमध्ये निघाली. आर्डुइनो नॅनोवर IRremote लायब्ररी (इन्फ्रारेड गोळ्यांसाठीचा तयार कोड) चिपमधला टायमर 2 वापरते, आणि 3 व 11 या पिनांचं पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग कमीजास्त करणारा सिग्नल) त्याच टायमरवर चालतं. माझ्या डाव्या मोटरच्या वेगाची वायर 11 नंबरच्या पिनवर होती. ती 5 वर घेतल्यावर चाक एकदाही थांबलं नाही.